गेटलाच थांबा, इंजिन बंद ठेवा: बोस्टनच्या लोगन विमानतळावरचा प्रयोग

ऑगस्ट २०१०, बोस्टनच्या लोगन विमानतळाचा टॉवर, संध्याकाळची वेळ. गेटवरून विमानं सोडणाऱ्या कंट्रोलरच्या समोर एक रंगीत कार्ड ठेवलंय. त्यावर एवढंच लिहिलंय: ‘३ मिनिटांत १’. म्हणजे पुढची १५ मिनिटं दर ३ मिनिटांना एकाच जेट विमानाला गेट सोडू द्यायचं. बाकीची विमानं तयार असली तरी त्यांनी गेटलाच थांबायचं, इंजिन सुरू करायचं नाही. १५ मिनिटं संपली की कार्ड बदलेल, किंवा तेच राहील.

या एका ओळीमागे अकरा वर्षांचं काम होतं. विमानतळावरची गर्दी आधी संगणकात उभी करायची, तिथे नियम लावून पाहायचे, चुकायचं ते तिथेच चुकायचं आणि मग टॉवरच्या जिन्याने वर जायचं, असा तो प्रवास. विमानं उशिरा का सुटतात यावर बोलताना नव्या धावपट्ट्या आणि नवी टर्मिनल्स यांची चर्चा खूप होते. लोगनवरच्या या उपायासाठी यातलं काहीही बांधावं लागलं नाही, म्हणून हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं.

रांग कशी लागते

लोगन विमानतळ बंदराच्या पाण्यात भराव टाकत वाढवत नेलेला आहे. धावपट्ट्या सहा, पण सहाही एकाच वेळी चालवता येत नाहीत. काही एकमेकींना छेदतात, काही समांतर असल्या तरी फार जवळ आहेत. वारा फिरला की कुठल्या धावपट्टीवर उतरायचं आणि कुठल्या धावपट्टीवरून उडायचं ही जोडणी बदलते, आणि जोडणीबरोबर तासाला किती विमानं सुटतील हेही बदलतं. एका मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, ते विरेपर्यंत मागच्याला थांबवावं लागतं. उतरणाऱ्या विमानांनाही मध्ये जागा द्यावी लागते. धावपट्टीचा वेग ठरतो तो असा, आणि संध्याकाळी प्रवाशांच्या सोयीच्या वेळी सगळ्याच कंपन्यांची विमानं निघायला आली की हा वेग पुरत नाही.

मग काय होतं? दार बंद होतं, टग विमानाला मागे ढकलतो, इंजिन सुरू होतं, विमान टॅक्सीवेवरून, म्हणजे गेट आणि धावपट्टी जोडणाऱ्या रस्त्यावरून, जातं आणि रांगेच्या शेपटाशी उभं राहतं. थोडं पुढे, ब्रेक, परत थोडं पुढे. दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांचं दोन इंजिनांचं विमान असं रेंगाळताना मिनिटाला साधारण १२ किलो इंधन जाळतं. रांगेत अशी पंधरा-वीस विमानं असतील तर हिशोब सोपा आहे.

यात कुणीही गैर वागत नसतं, हे आधी मान्य करायला हवं. धावपट्टीवर नंबर लागतो तो पोचण्याच्या क्रमाने, तेव्हा जो गेट आधी सोडेल त्याचा नंबर आधी. शिवाय अमेरिकेत उड्डाण वेळेवर निघालं की नाही हे गेट सोडण्याच्या क्षणावरून मोजलं जातं. वेळापत्रकापासून १५ मिनिटांच्या आत गेट सुटलं की प्रस्थान वेळेवर धरतात. त्यानंतर तेच विमान टॅक्सीवेवर पाऊण तास उभं राहिलं तरी त्या नोंदीला धक्का लागत नाही. गेट मोकळं झालं की येणाऱ्या विमानाची सोय होते ती वेगळीच. प्रत्येक वैमानिक आणि प्रत्येक कंपनी आपापल्या जागी बरोबर, आणि सगळे मिळून रांग वाढवतात.

पाच विमानं पुरत असताना वीस

हे नीट समजायला एक साधं गणित पुरतं. त्याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. समजा, धावपट्टीवरून दर २ मिनिटांना एक विमान सुटतं आणि वाट मोकळी असेल तर गेटपासून धावपट्टीपर्यंत पोचायला १० मिनिटं लागतात. धावपट्टी सतत कामात राहायची तर वाटेवर किती विमानं हवीत? पाच.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात कुणी ८ मिनिटांत पोचतो, कुणाला १४ लागतात, एखाद्याचं वजनाचं कागदपत्र उशिरा येतं. म्हणून धावपट्टीच्या तोंडाशी दोन-चार विमानं हाताशी असावी लागतात. समजा, वाटेवर एकूण ९ विमानं ठेवली. आता नियम सांगतो की गेटपासून उड्डाणापर्यंत प्रत्येकाला १८ मिनिटं लागतील. आणि ९ ऐवजी २० विमानं वाटेवर सोडली तर? धावपट्टी तासाला तेवढीच ३० विमानं सोडणार. फक्त प्रत्येकाला आता ४० मिनिटं लागणार. मधली २२ मिनिटं विमानाने गेटला काढली काय किंवा टॅक्सीवेवर काढली काय, चाकं जमीन सोडतात ती वेळ तीच. गेटला मात्र इंजिन बंद असतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गेटला जरा जास्तच विमानं धरून ठेवली आणि धावपट्टीशी एकही विमान नाही अशी दोन मिनिटं गेली, तर ती परत मिळत नाहीत. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती दोन मिनिटं भोगावी लागतात. टॉवरमधल्या लोकांना सर्वांत जास्त धास्ती असते ती धावपट्टी अशी कोरडी पडण्याची. म्हणून ‘विमानं गेटलाच थांबवा’ हा सल्ला एकटा कामाचा नाही. किती थांबवायची, हे सांगता यायला हवं. मर्यादा ९ की ११ की १७? आणि वारा फिरल्यावर, उतरणाऱ्यांची गर्दी वाढल्यावर किती? हा शोध चालत्या विमानतळावर घेता येत नाही. एक संध्याकाळ बिघडली की हजारो माणसांची पुढची विमानं चुकतात.

संगणकातलं लोगन

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, लोगनपासून नदीपलीकडे. तिथल्या निकोला पुजे, बर्ट्रांड देलकेर आणि एरिक फेरॉन यांनी १९९९ मध्ये लोगनच्या प्रस्थानांचं प्रतिरूप मांडलं. त्यांनी प्रत्येक टॅक्सीवे आणि प्रत्येक वळण रेखाटायचा घाट घातला नाही. विमानतळाकडे त्यांनी एखाद्या नळीसारखं पाहिलं: एका टोकाला गेट सोडलेली विमानं आत येतात, वाटेत ठरावीक नसलेला वेळ घालवतात, धावपट्टीशी रांगेत लागतात आणि दुसऱ्या टोकाने उडून जातात. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. जितके बारकावे घालू तितकं प्रतिरूप देखणं होतं, पण प्रत्येक बारकाव्याला माहिती लागते, आणि ती नसली की अंदाज भरावा लागतो.

माहिती मिळाली ती विमानाच्या चार वेळांतून: गेट सोडलं, जमीन सोडली, जमिनीवर टेकलं, गेटला लागलं. मोठ्या कंपन्यांच्या विमानांतून या वेळा आपोआप नोंदल्या जातात. पहिल्या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे बाहेर पडायला लागलेला वेळ. वाट मोकळी असतानाची उड्डाणं वेगळी काढली की विनाअडथळा किती वेळ लागतो ते कळतं. धावपट्टीवर सतत रांग असतानाचे तास वेगळे काढले की धावपट्टीची खरी क्षमता कळते.

प्रतिरूप खरं आहे की नाही हे तपासताना सरासरी जुळणं पुरेसं नसतं. सरासरी २० मिनिटं आली आणि प्रत्यक्षातही २० होती, यातून फारसं काही सिद्ध होत नाही. १० मिनिटांत सुटलेली किती, ३५ मिनिटं अडकलेली किती, हा सगळा पसारा जुळायला हवा, आणि तो प्रत्येक जोडणीसाठी वेगवेगळा जुळायला हवा. या तपासणीतच एक गोष्ट पुढे येते, जिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. जमिनीवर फिरणाऱ्या विमानांची संख्या आडवी आणि दर मिनिटाला होणारी उड्डाणं उभी मांडली की रेष आधी चढत जाते, मग वाकते आणि एका संख्येनंतर सपाट होते. त्या संख्येपलीकडे कितीही विमानं ढकलली तरी उड्डाणं वाढत नाहीत.

नियम त्यातूनच निघाला: फिरणारी विमानं या संख्येच्या पुढे गेली की गेटवरून सोडणं थांबवायचं. मग तीच संध्याकाळ संगणकात दोनदा चालवायची, एकदा नियमाशिवाय आणि एकदा नियमासह. दोन्ही वेळा विमानं तीच, त्यांच्या तयार होण्याच्या वेळा त्याच, वाटेतले योगायोगही तेच. फरक पडला तर तो नियमामुळेच पडला असं तेव्हाच म्हणता येतं. मर्यादा एकेकाने खाली आणत हे पुनःपुन्हा केलं की जमिनीवरचा वेळ घटत जातो, आणि कुठेतरी धावपट्टी कोरडी पडायला लागते. त्या जागेच्या जरा अलीकडे थांबायचं. हे ‘जरा अलीकडे’ किती, हे सांगणं हीच सिम्युलेशनची कमाई.

टॉवरमध्ये

१९९९ च्या निष्कर्षाने टॉवरमधलं काही बदललं नाही. संख्या हाती असणं आणि कामात गुंतलेल्या माणसाने ती वापरणं यांत अंतर असतं, आणि या प्रकरणात ते अंतर कापणाऱ्यांचं मला विशेष कौतुक आहे. एमआयटीचे योआनिस सिमायाकिस, हर्षद खाडिलकर, हम्सा बालकृष्णन, जॉन हॅन्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनबरोबर, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेबरोबर, प्रत्यक्ष चाचणी आखली.

पहिली अडचण नियमाच्या रूपातच होती. ‘संख्या ओलांडली की थांबवा, खाली आली की सोडा’ हे संगणकाला सोपं. कंट्रोलरने मात्र दर क्षणी फिरणारी विमानं मोजत बसायचं, मध्येच सगळं थांबवायचं आणि मग एकदम सात जणांना सोडायचं? ते ओझं त्याच्यावर टाकता येत नाही. म्हणून नियम दराच्या भाषेत आणला. समजा, आत्ता १९ विमानं फिरताहेत, पुढच्या १५ मिनिटांत १० उडतील असा अंदाज आहे आणि आपल्याला १७ वर यायचं आहे. ९ शिल्लक राहतील, म्हणजे आणखी ८ सोडायची. १५ मिनिटांत ८, म्हणजे जवळजवळ ‘२ मिनिटांत १’. कार्डावर हेच येतं. किती उडतील हा अंदाज उतरणाऱ्या विमानांवर अवलंबून, म्हणून पुढच्या १५ मिनिटांत किती उतरणार आहेत तेही पाहायचं.

पंख्यांची छोटी विमानं मोजणीतून वगळली. ती उडाल्याबरोबर वेगळ्या दिशेला वळवता येतात, त्यामुळे जेटची जागा फारशी खात नाहीत. हे कुठल्याही सूत्रात नव्हतं; विमानतळ कसा चालतो हे पाहूनच ते कळतं. मर्यादाही सपाट रेषेच्या सुरुवातीपेक्षा मुद्दाम थोडी वर ठेवली. बचत थोडी कमी झाली तरी चालेल, पण पहिल्याच आठवड्यात धावपट्टी कोरडी पडली तर टॉवरचा विश्वास जाईल.

आणि मग ती कार्डं. टॉवरमध्ये बोलणं हेच कामाचं साधन असतं. कंट्रोलरच्या एका कानात वैमानिक, शेजारी सहकारी. तिथे आणखी एकाने दर पाव तासाला येऊन आकडा सांगणं म्हणजे अडथळाच. रंगीत कार्ड समोर ठेवलं की बोलावंच लागत नाही. नजर गेली की पुरे. ‘३ मिनिटांत १’ पासून ‘मिनिटाला १’ पर्यंतची कार्डं, शिवाय एक ‘थांबा’ आणि एक ‘बंधन नाही’. क्रम मात्र बदलला नाही. ज्याने आधी ‘तयार’ कळवलं त्याला आधी सोडायचं. कुणाला झुकतं माप नाही, हे कंपन्यांना दिसणं फार महत्त्वाचं होतं.

हिशोब

ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१० मध्ये चार-चार तासांच्या आठ सत्रांत मिळून २४७ विमानं गेटला थांबवली गेली. सरासरी थांबा ४.३ मिनिटांचा. इंधनाची अंदाजित बचत १२,२५० ते १४,५०० किलो.

हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे आहेत. २४७ गुणिले ४.३ म्हणजे १,०६२ मिनिटं, साडेसतरा तासांहून थोडं जास्त. बचत प्रत्येक विमानामागे ५० ते ५९ किलो, म्हणजे थांबलेल्या दर मिनिटाला सुमारे १२ ते १४ किलो. वर रेंगाळणाऱ्या विमानाचा जो खर्च सांगितला त्याच्या हा आकडा जवळ जातो. गेटला काढलेलं जवळजवळ प्रत्येक मिनिट टॅक्सीवेवरून वजा झालं, असा त्याचा अर्थ. थांबा निव्वळ वाढीव असता तर हे जुळलं नसतं.

पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, कार्डांची जागा टॅब्लेटने घेतली आणि सूत्रही बदललं. नव्या सूत्रात धावपट्टीशी रांग लांबण्याची किंमत आणि धावपट्टी कोरडी पडण्याची किंमत एकत्र तोलून दर काढला जाई. त्या फेरीत १४४ विमानं सरासरी ५.३ मिनिटं थांबली.

जिथे हे थांबतं

उड्डाणाची वेळ यातून अलीकडे येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. प्रवासी पोचायचा तेव्हाच पोचतो. धावपट्टीची क्षमता वाढवायची तर वेगळे उपाय लागतात. उदाहरणार्थ, लंडनच्या हीथ्रोवर २०१५ पासून उतरणाऱ्या विमानांमधलं अंतर मैलांऐवजी वेळेत राखतात, म्हणजे समोरून जोराचा वारा असला तरी उतरण्याचा वेग टिकतो. पण रांगेचा जो भाग अटळ आहे तो कुठे काढायचा, याला उत्तर आहे. अमेरिकेत एप्रिल २०१० पासून देशांतर्गत उड्डाणातल्या प्रवाशांना उतरण्याची संधी न देता ३ तासांहून जास्त वेळ जमिनीवर अडकवून ठेवायला बंदी आली. तेव्हापासून हा प्रश्न इंधनापुरता राहिला नाही.

गेटांची टंचाई ही दुसरी मर्यादा. येणारं विमान गेटसाठी ताटकळत असेल तर तयार विमानाला तिथे धरून ठेवता येत नाही. त्याला सोडावंच लागतं. वादळाने वाटेतलं आकाश बंद केलं तर अडचण धावपट्टीची उरतच नाही, आणि धावपट्टीच्या क्षमतेवर बेतलेला दर निरर्थक होतो. ज्या विमानाला पोचायच्या विमानतळावरच्या गर्दीमुळे उडण्याची ठरावीक वेळ मिळालेली असते, त्याला पाच मिनिटांच्या आगेमागे उडावंच लागतं. त्याला सरसकट रांगेत थांबवून चालत नाही.

आणि ‘तयार’ कळवण्याचा क्षण. क्रम त्यावरच ठरणार म्हटल्यावर खरोखर तयार होण्याआधीच कळवण्याचा मोह होतो. धावपट्टीवरची स्पर्धा मग रेडिओवर सरकते. सिम्युलेशनमध्ये विमान तयार असतं तेव्हाच तयार म्हणतं. तिथे माणसाचं हे वागणं आपणहून घालावं लागतं, आणि ते किती घालायचं हे टॉवरमध्ये बसल्याशिवाय कळत नाही.

पुढे

त्याच २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळाची सर्वांत लांब धावपट्टी नव्याने बांधण्यासाठी काही महिने बंद होती, आणि तिथेही प्रस्थानं मोजून सोडण्याची पद्धत लावली गेली. युरोपात विमानाला गेटवरच इंजिन सुरू करण्याची वेळ देणारी पद्धत म्युनिकने २००७ मध्येच स्वीकारली होती. पुढे नासाने अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावर २०१७ पासून चार वर्षं याच विचाराची बरीच मोठी यंत्रणा चालवली. तिथे कंपनीचे रॅम्पवरचे, म्हणजे गेटांपुढच्या आवारातले, कर्मचारी आणि टॉवर एकच वेळापत्रक पाहत. नासाच्या म्हणण्याप्रमाणे तिथे वर्षाला २,७५,००० गॅलनहून जास्त इंधन वाचलं. ही यंत्रणा नंतर फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने देशातल्या इतर मोठ्या विमानतळांसाठी घेतली.

वेळेवर निघण्याची नोंद मात्र अजून गेट सोडण्याच्या क्षणावरच होते. इंजिन बंद ठेवून पाच मिनिटं थांबलेलं विमान त्या नोंदीत पाच मिनिटं उशिरा निघालेलं दिसतं, आणि वेळेत गेट सोडून टॅक्सीवेवर २५ मिनिटं धूर सोडत उभं राहिलेलं विमान वेळेवर. ‘तयार’ कळवल्याची वेळही नोंदली जावी आणि थांबा टॉवरच्या खात्यावर पडावा, एवढी एक दुरुस्ती झाली तर गेटला थांबायला कुठलीही कंपनी कां-कूं करणार नाही.